दोन पांढरी बटणं

९ जानेवारी

दुर्बीणवालीला आजीचा आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. ठकूने ते मला तीनदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा मी कानावर उशी ठेवली. सांगते मी आणि लिहिते तुझी ठकूमावशी, हे तुला माहीतच आहे. माझी धाकटी लेक एकतीस वर्षांची झाली. अक्षरं शिकायला तिला शाळेत नऊ वर्षं लागली, पण शिकली ती अशी की कानावर पडेल ते सगळं कागदावर उतरतं. आई खोकली. हे बघ, तेही लिहिलं. ठकू, हे लिहू नकोस. ठकू, हे लिहू नकोस असं मी म्हणाले, तेही लिहू नकोस.

म्हणून या पत्रांत माझं एकही गुपित टिकत नाही.

मावशी सध्या जोरात आहे. लाँड्रीत चादरीची घडी दोघींनी घालायची असते, समोरासमोर उभं राहून, चार कोपरे चार हातांत. काल हिची जोडीदारीण दमून खाली बसली, तर हिने चादरीचं दुसरं टोक दाराच्या कडीला बांधलं आणि एकटीने एकशेचाळीस चादरी संपवल्या. मग घरी येऊन माझ्या शालीची घडी घालायला घेतली. शालीत मी होते.

आठ दिवस झाले, पहाटेच उठून तिन्ही मजल्यांचा जिना पुसते. तीन रंगांची पेनं आणली आहेत. म्हणून या पत्रात मी निळी आहे आणि ती लाल आहे.

मी लाल आहे. मला खूप छान वाटतं आहे. माझ्या डोक्यात सगळ्या खोल्यांचे दिवे लागले आहेत. आता जिन्याबद्दल लिहिते.

(यापुढे दहा पानं जिन्याबद्दल आहेत. तुला वेळ असेल तर वाच. कागद संपला म्हणून मी थांबते. ठकू म्हणते संपला नाही, मागची बाजू आहे. मी म्हणते, संपला.)

तुझी
आजी


२१ जानेवारी

प्रिय आजी,

साष्टांग नमस्कार, आणि तुझ्या शालीलाही. मावशीची अकरा पानं वाचून माझा आठवडा हसत गेला. जिन्याच्या सत्ताविसाव्या पायरीवर तडा आहे, हे मला आयुष्यात कोणी सांगितलं नसतं.

माझं काम पुन्हा एकदा सांगते, कारण तू सगळ्यांना मी तारे बघते असं सांगतेस. ती दुर्बीण वर बघायची नाही गं, खाली बघायची आहे. कोणाच्या तरी रक्ताचा थेंब येतो. आम्ही तो तीन दिवस उबेत ठेवतो, मग काचेवर टाकून रंगवतो. खाली वाकून पाहिलं की प्रत्येक पेशीत छोट्या छोट्या पट्टेदार काड्या विखुरलेल्या दिसतात. त्या गुणसूत्रं. एकूण सेहेचाळीस. त्यांच्या जोड्या लावायच्या, मोठ्यापासून धाकट्यापर्यंत. तू धुतलेले मोजे पलंगावर पसरून जोड्या लावायचीस ना, तसंच. कुठे एक मोजा जास्त निघतो, कुठे एखाद्याची टाच गायब असते.

काही तुकडे इतके बारीक असतात की साध्या नजरेला हरवलेले कळतच नाहीत. त्यासाठी आता मला अंधाऱ्या खोलीत बसवतात. हव्या त्या जागी चमकणारा रंग चिकटवतात आणि काळ्याभोर पाण्यात दिवे सोडल्यासारखे लाल-हिरवे ठिपके दिसतात. दोन हवेत तिथे एकच ठिपका दिसला, तर तुकडा नाही. तासभर बघत बसलं की खोली हलकेच तरंगायला लागते. बाहेर आले की रस्त्यावरची माणसंही मला जोड्या लावून ठेवावीत अशी वाटतात.

मावशीला सांग, पुढच्या पत्रात तिने गच्चीबद्दल लिहावं.

तुझी
नात (तारे न बघणारी)


३ मार्च

प्रिय आजी,

सहा आठवडे तुझं पत्र नाही. दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. मी रुसणारच होते, तेवढ्यात काल पार्सल आलं. आत चिठ्ठी नव्हती. पण आजी, काय सुंदर माळ केलीस! दोरा ओढत गेले तर संपेचना. पांढरी, काळी, लाल बटणं आणि मध्ये मध्ये गाठी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शर्टांना काजं-बटणं केलीस, आता नातीसाठी दागिना केलास.

आज गळ्यात तिहेरी घालून कामावर गेले. आमच्या बाईंनी विचारलं, कुठे मिळाली. म्हटलं, मिळत नाही, आजी असावी लागते. फोटो पाठवते आहे.

मावशी कुठे आहे? गच्चीचं काय झालं?

तुझी
नात


१२ मार्च

गळ्यात काय घालतेस, शहाणे!

फोटो पाहिला. आधी पोट धरून हसले. मग हसू कुठे गेलं कळलं नाही.

हे अक्षर तुझ्या मावशीचं नाही, तुझ्या लक्षात आलंच असेल. हे खालच्या मजल्यावरचे कंपाउंडर लिहितायत. तीस वर्षं दवाखान्यात बाटल्यांवर पट्ट्या चिकटवल्या, म्हणून स्वतःला अर्धा डॉक्टर समजतात. इथे ऐकलेलं कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत पोचायला त्यांना चहा पिण्याइतकाही वेळ लागत नाही. कंपाउंडर, लिहा. मला वाचता येत नसलं, तरी पेन कुठे थांबलं ते ऐकू येतं.

(लिहिलं आहे. शब्दन् शब्द. — कंपाउंडर)

ती माळ नाही, पोरी. ती तुझ्या मावशीची दिनदर्शिका आहे. तू कागदावर मांडतेस, मी दोऱ्यात मांडते. सप्टेंबरपासून रोज दिवे लागायच्या वेळी एक बटण ओवते. लाल म्हणजे ती धावली, बोलली, झोपली नाही. काळं म्हणजे उठली नाही. पांढरं म्हणजे बरा दिवस, माझी लेक माझ्या लेकीसारखी होती. महिना उलटला की एक गाठ.

ती लिहीत असते तेव्हा तिच्याबद्दल मला सांगता येत नाही. आणि ती लिहायची बंद होते, तेव्हा मला लिहिताच येत नाही. कंपाउंडरांच्या हाती द्यायला जीभ रेटेना. म्हणून सगळा दोराच पाठवला. वाटलं, दुर्बीणवाली आहे, बघेल. तू गळ्यात घातलास.

आता ती आत भिंतीकडे तोंड करून पडली आहे. भिंतीवर काय आहे विचारलं, तर म्हणते, काही नाही. खरंच काही नाही, मीही जाऊन बघितलं. पाण्याचा पेला हातात दिला तर हात वर येत नाही. म्हणते, आई, खोलीत कापूस भरलाय, पलीकडून तुझा आवाज येतो. मला तो कापूस दिसत नाही. पण तिच्याजवळ बसले की माझेही पाय जड होतात खरे.

इथल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मान वर न करता सांगितलं, आजीबाई, अशा लोकांचं असंच असतं. 'असंच असतं' हे गोळीचं नाव आहे की पातळ औषधाचं, हे विचारणार होते, तेवढ्यात त्यांनी पुढच्याला हाक मारली.

आणि लाँड्रीच्या मालकीणबाई स्वतः जिना चढून आल्या. बाई वाईट नाही. म्हणाल्या, कधी तिघींचं काम करते, कधी महिना महिना येत नाही, मी एप्रिलअखेरपर्यंत जागा धरून ठेवते, मग दुसरी घ्यावी लागेल. ती जागा गेली तर ठकूला सकाळी उठायला कारणच उरणार नाही. मी सत्तरीची. कारण म्हणून मी किती दिवस पुरणार?

तेव्हा दागिना गळ्यातून काढ आणि नीट बघ.

आजी

(माझ्या मते शक्तिवर्धक द्यावं. — कंपाउंडर)
(त्यांनी शेवटी आपलं काहीतरी घुसवलं ना? मला पेन ऐकू आलं. त्याकडे लक्ष देऊ नकोस.)


२० मार्च

आजी,

काढली. मला माफ कर. त्याहून जास्त इथे लिहीत नाही, नाहीतर कागद भिजेल आणि कंपाउंडरकाकांना वाचता येणार नाही.

रविवारी माझ्या लांब टेबलावर दोरा सरळ पसरला. खिडकीतून ऊन येत होतं आणि सगळी बटणं ओल्या खड्यांसारखी चमकत होती. आजी, त्यात लय आहे. लाल आठ-दहा, मग थोडी पांढरी, मग काळ्यांची लांब रांग. सप्टेंबरपासून तीन वेळा तेच. मग मी तुझी पत्रं काढून त्यांच्या तारखांजवळ ठेवली. मावशीची दहा-अकरा पानांची पत्रं सगळी लाल दिवसांतली. काळ्या दिवसांत एकही नाही. मी ती वाचून हसत होते आणि मैत्रिणींना वाचून दाखवत होते.

हे 'असंच' नाही. मनाचा आजार असाच येतो, असाच जातो, आणि त्यावर उपचार असतो. मावशी शिकायला वेळ घेते, म्हणून तिच्याबाबतीत कोणी तो शोधलाच नाही. तिचं सगळंच त्या एका पेटीत टाकून झाकण लावलं.

आता तीन प्रश्न, विचार करून सांग. मावशी तान्ही असताना दूध नाकातून परत यायचं का? तिच्या छातीत काही दोष होता, असं आई सांगायची, ते काय होतं? आणि ती नाकातून बोलते, ते पहिल्यापासूनच का?

इथे एक मनाच्या डॉक्टरबाई आहेत, त्या मावशीसारख्या माणसांनाच बघतात. तुम्ही दोघी या. रक्तही तपासता येईल. पण मी ते बघणार नाही, घरच्यांचं बघायचं नाही असा आमचा नियम आहे. आणि आधी मावशीला विचार. रक्त तिचं आहे.

तुझी
नात


१ एप्रिल

दुर्बीणवाली,

दूध नाकातून यायचं, हे तुला कोणी सांगितलं? तुझी आई तेव्हा शाळेत होती. मी मांडीवर घेऊन एकेक चमचा पाजायचे, तर अर्धं माझ्या पदरावर. हृदयाला बारीकसं भोक होतं, पाचव्या वर्षी आपोआप बुजलं. आवाज पहिल्यापासून तसाच. मला तो गोड वाटायचा, म्हणून कधी कोणाला दाखवला नाही.

ठकूला विचारलं. उशीतून म्हणाली, दुखेल का? म्हटलं, मुंगी चावल्याएवढं. म्हणाली, मग चावू दे. महिन्याभरातलं तिचं हे सगळ्यात लांब वाक्य. म्हणून कंपाउंडरांनी ते मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे म्हणतात.

गुरुवारच्या बसने निघतो.

आजी

(मी सोबत येऊ म्हणालो. नको म्हणाल्या. — कंपाउंडर)


१७ मे

प्रिय आजी,

अहवाल आला. फोनवर तू 'पत्रात लिही, कानाने ऐकलेलं निसटतं' म्हणालीस, म्हणून लिहिते. कंपाउंडरकाका, हे हळू वाचा.

बाविसाव्या जोडीतल्या एका गुणसूत्राचा छोटासा तुकडा मावशीकडे नाही. आमच्या अंधाऱ्या खोलीत माझ्या सोबतिणीने तो पाहिला; दोन ठिपके हवे होते, एकच लागला. मी बाहेर जिन्यात बसून तुझी बटणं मोजत होते. दूध, हृदय, आवाज, शिकायला लागलेली नऊ वर्षं, हे सगळं त्या एका तुकड्याशी जोडलेलं आहे. तो नसलेल्या माणसांना मनाचे आजारही इतरांपेक्षा जास्त होतात. सगळ्यांना होत नाहीत, पण होतात. मावशीला झाला. तिच्या रक्तात कॅल्शियमही कमी निघालं, त्यानेही माणूस खचतं. ते तर गोळीने भरून निघेल. मनाचं औषध डॉक्टरबाई थोडं थोडं वाढवतील. घाई करायची नाही आणि बरं वाटलं म्हणून बंदही करायचं नाही.

परतीच्या बसमध्ये चढताना तू माझा हात धरून हळूच विचारलंस, "माझ्या मशीनमुळे तर नाही ना?" ठकू पोटात असताना नवव्या महिन्यापर्यंत तू शिलाई मशीनवर काजं करत होतीस आणि एकतीस वर्षं त्या मशीनला दोष देत आलीस, हे मला तेव्हा कळलं. आजी, मशीनमुळे नाही. काळजीमुळे, धावपळीमुळे, कशामुळेच नाही. बहुतेक वेळा अगदी सुरुवातीलाच तो तुकडा आपोआप गळतो, कोणाच्याही हातून न पडता. मशीनवर झाकून ठेवलेलं कापड आता काढ, तिचा काही गुन्हा नाही.

लाँड्रीच्या मालकीणबाईंसाठी डॉक्टरबाईंनी चिठ्ठी दिली होती, ती एप्रिल संपायच्या आत पोचली ना?

आणि एक गंमत. डॉक्टरबाईंनी तुझा दोरा बोटांतून सरकवत सरकवत सगळा पाहिला. म्हणाल्या, शिकलेल्या घरांतूनही मला इतकी नीट नोंद मिळत नाही. फक्त एका जागी थांबल्या. फेब्रुवारीत, काळ्या रांगेच्या अगदी मधोमध, दोन पांढरी बटणं आहेत, शेजारी शेजारी. इतक्या खोल काळ्यात अचानक दोन बरे दिवस कसे आले? त्या दोन दिवसांत काय वेगळं झालं, हे त्यांना हवं आहे. कळलं तर उपयोगी पडेल म्हणाल्या.

तुझी
नात


८ ऑगस्ट

दुर्बीणवालीला आजीचा आशीर्वाद, आणि ठकूचाही, ती म्हणते मावशी आहे, देऊ शकते.

अक्षर ओळखलंस ना? एकच रंग आहे, निळा. पत्रही दोनच पानांचं होणार आहे. कंपाउंडरांना निवृत्त केलं. तीन दिवस फुगून बसले होते. आता रोज ठकूच्या गोळीच्या वेळी जिन्यातून "घेतली का?" असं ओरडतात आणि अर्ध्या डॉक्टरचे पाऊण झाले आहेत.

मालकीणबाईंनी चिठ्ठी वाचली आणि मला म्हणाल्या, मग हे आधी का नाही सांगितलंत? मी म्हटलं, मला आधी सांगितलं असतं, तर तुम्हाला सांगितलं असतं. त्यांनी जागा ठेवली. जूनपासून अर्धा दिवस जात होती, या सोमवारपासून पूर्ण. परवा मी तिथे जाऊन दारात बसले. वाफ अशी भरून राहते की माणसं दिसत नाहीत, नुसत्या पांढऱ्या चादरी हवेत वर जातात आणि सावकाश खाली येतात. त्यांतल्या एका चादरीमागून ठकू आली, जोडीदारणीच्या हातात कोपरे दिले आणि पुन्हा मागे गेली. मी किती वेळ बसले कोणास ठाऊक. मला वाटलं, मला झोप लागली आणि हे स्वप्न पडतंय. मग मालकीणबाई म्हणाल्या, आजीबाई, पाय आत घ्या, गाडी जायचीय. तेव्हा कळलं, जागी आहे.

सगळं गोड झालं असं समजू नकोस. जुलैत पाच काळी आली. पण पाचच, आणि पाचव्या दिवशी ती स्वतः उठून म्हणाली, आई, गोळी. माझी अडचण आता वेगळीच आहे. काही दिवस असे येतात की ती कामावर जाते, येते, जेवते, थोडी कुरकुरते, झोपते. त्यांना कोणतं बटण लावू? पांढरं म्हणावं इतके लख्ख नाहीत. डबा उलटा केला, राखाडी सापडली. ठकूने डोळ्याजवळ धरून पाहिली आणि म्हणाली, हे छान आहे, हे साधं आहे. आता आमच्या नव्या दोऱ्यात सगळ्यात जास्त राखाडी आहेत. तू आलीस की गळ्यात घाल, आता परवानगी आहे.

मशीनवरचं कापड काढलं. तेल घातलं. काही बोलले नाही तिच्याशी, पण तेल घातलं.

त्या दोन पांढऱ्यांचं मात्र मला काही सांगता येत नाही. खूप आठवून पाहिलं. फेब्रुवारीत ती पाण्यालासुद्धा उठत नव्हती. बरा दिवस एकही नव्हता, दोन कुठले? मग माझीच चूक झाली म्हणायची. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण चाळीस वर्षांत बटणाच्या बाबतीत माझा हात चुकला नव्हता. डॉक्टरबाईंना सांग, म्हातारी चुकली. मनाला लागलंय माझ्या. ठकू, हे लिहू नकोस.

लिहिलं.

आणि आता ही म्हणते, मला एक वेगळा कागद दे, मला माझं लिहायचं आहे. म्हटलं, सांगतं कोण? म्हणते, कोणी नाही. आजवर हिने मी सांगितलेलं लिहिलं, नाहीतर माझ्या मध्ये घुसून लिहिलं. हा पहिला कागद, ज्यात मी नाहीच. समोर बसून लिहितेय, जीभ बाहेर काढून, आणि मला एक अक्षर वाचता येत नाही. मी मुद्दाम विचारलं, माझ्या तक्रारी आहेत का? म्हणाली, थोड्या. घडी घालून आत टाकते म्हणते. त्यात काहीतरी कडक लागतंय हाताला.

काय आहे ते मला सांगू नकोस, ती सांग म्हणाली नसेल तर. पण म्हणाली असेल तर उलट टपालाने कळव.

तुझी
आजी


(त्याच पाकिटात, चार घड्यांचा कागद)

प्रिय भाची,

आई सांगत नाही आहे. मी लिहिते आहे.

आई चुकली नाही. फेब्रुवारीत आई रोज काळं बटण ओवायची. मी झोपलेली नव्हते. मी बघत होते. ओवून झालं की आई दोरा हातात धरून बसायची, खूप वेळ. दिवा लावायची विसरायची.

मग एका दुपारी आई झोपली. मी उठले. दाराच्या मागे खिळ्याला दोरा होता. मी गाठ सोडली. दोन काळी काढली आणि डब्यातली दोन पांढरी ओवली. परत गाठ मारली. आईसारखी मारली. आईला मोतीबिंदू आहे, तिला दिसलं नाही. मला वाटलं पांढरी दिसली तर तिला बरं वाटेल.

त्या दिवशी मी फक्त तेवढ्यासाठी उठले होते. मग पाय जड झाले, परत झोपले.

डॉक्टरबाईंना सांग, ते दोन दिवस काळेच होते.

ती दोन काळी बटणं मी उशीच्या अभ्र्यात ठेवली होती. ती यात घातली आहेत. दोरा तुझ्याकडे आहे. ती जिथली आहेत तिथे ओव. मधली पांढरी काढून मला पाठव. ती मला आता लागतात.

आईला सांग. मी सांगितलं तर ती रडेल आणि मला तेही लिहावं लागेल.

तुझी
ठकूमावशी